तीन पेले आणि हॅनिगरची जुनी चव

सुधाकरकाका गेले तेव्हा मी प्लांटमध्ये होते. आमच्या कामात आत जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. अंगावर गाऊन, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात दोन-दोन ग्लव्ह्ज. चार तासांनी बाहेर येऊन लॉकर उघडलं तर फोनवर मिस्ड कॉलची रांग. काही ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलमधून, वॉर्डातून, आणि बाकीचे समीरचे, म्हणजे काकांच्या मुलाचे, अमेरिकेतून. अशी रांग दिसल्यावर कोणाला उलटा फोन करून विचारायची गरज उरत नाही. मी तिथल्याच बाकावर बसले. पायावरची प्लॅस्टिकची आवरणं काढता काढता मनात जो पहिला विचार आला तो इतका लाजिरवाणा होता की सांगायला नको. पण सांगते, कारण हा लेख खरं सांगण्याबद्दलच आहे. माझ्या मनात आलं, आता ती टेस्ट राहिली...

गोष्ट गेल्या एप्रिलमधली, दोन हजार एकवीसची. अंत्यविधीला तेव्हा फक्त दहा माणसं चालत होती, आणि आम्ही सातच होतो. समीर तिकडून स्क्रीनवर. त्याच्या मागे सकाळचं ऊन पडलेलं, इकडे डब्लिनमध्ये नेहमीची भुरभुर. कोणी कोणाला जवळ घ्यायचं नाही, असा नियम. सातजण हात खिशात घालून उभे होतो आणि घरी येऊन जो तो आपापल्या स्वयंपाकघरात रडला. त्या दिवशी काकांबद्दल दोन शब्द बोलायला मला सांगितलं होतं. मी म्हटलं, काका फार मोठ्या मनाचे होते. तेही खरं आहे, पण असं वाक्य कुणाबद्दलही बोलता येतं. आता सात-आठ आठवडे झालेत, डोकं जरा जाग्यावर आलंय, तर नीट सांगते.

काका नात्याने माझे कोणीही नव्हते. मी नागपूरची, ते सांगलीचे. पंधरा वर्षांपूर्वी मी आयर्लंडमधल्या औषधांच्या प्लांटमध्ये नोकरीला लागले तेव्हा ते तिथे फर्मेंटेशन विभागाचे प्रमुख होते. पहिल्याच आठवड्यात मी बॅचच्या कागदावर एक आकडा चुकीचा लिहिला आणि शाळेतल्या सवयीने त्यावर असा काही गिरगोटा केला की खालचा आकडा दिसूच नये. काकांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, गेली नोकरी, आता उलट पावली नागपूर. ते म्हणाले, "अगं, चूक झाली ते ठीक आहे. झाकलीस ते ठीक नाही. चुकीवर एकच आडवी रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर लिही, सही कर, तारीख टाक, कारण लिही. आणि दुसऱ्या कोणीतरी ते तपासून सही करायची. आपली चूक आपणच तपासली असं कधी होत नसतं." आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला हे पहिल्याच दिवशी शिकवतात, त्यात काकांचं विशेष काही नाही. पण रिटायर झाल्यावर हा माणूस वाण्याच्या यादीतसुद्धा 'तूर डाळ' खोडून 'मूग डाळ' लिहिताना एक रेघ, सही आणि तारीख करत असे. नलिनीकाकू होत्या तेव्हा म्हणायच्या, "यांच्या यादीवर तपासणारा म्हणून माझी सही लागते, नाहीतर डाळ शिजत नाही."

औषधांच्या आधी काका बिअरमध्ये होते. हे इथल्या मराठी मंडळींना फारसं माहीत नव्हतं, कारण गणपतीच्या आरतीनंतर कोणी आपली बिअरमधली कारकीर्द सांगत बसत नाही. त्यांचे वडील साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत होते. काकांनी मुंबईत डिग्री घेतली आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेला शिकायला गेले, ते तिथल्याच एका मोठ्या तळ्याकाठच्या गावात हॅनिगर नावाच्या ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत चिकटले. हॅनिगर म्हणजे तिकडच्या कामगारांची बिअर. स्वस्त, पिवळ्याधमक डब्यातली, बेसबॉल पाहताना प्यायची. तिथे अकरा वर्षं काकांच्या जिभेवर त्यांचं घर चाललं. बिअर चाखायची आणि कालच्या बिअरपेक्षा वेगळी लागते का ते सांगायचं, हे त्यांचं काम. "पगारी पिणारा," असं ते स्वतःला म्हणायचे.

दोन हजार वीसच्या उन्हाळ्यात, पहिलं लॉकडाऊन जरा सैल झाल्यावर, डब्लिनजवळच्या स्वोर्ड्स गावातल्या आमच्या ऑफ-लायसन्समध्ये, म्हणजे दारूच्या दुकानात, जुन्या अमेरिकन बिअरचे डबे येऊन पडले. जुन्या छापाची चित्रं, जुनी अक्षरं. आता लोकांना जुनं ते सगळं हवंय. काकांनी तीन प्रकार उचलले आणि आम्हाला त्यांच्या मागच्या बागेत बोलावलं. मी, माझा नवरा निखिल, आणि दोन मीटरवर काका. मला बिअर कधीच आवडली नाही. माझ्या मते ती कडू असते आणि पोट फुगवते. पण काकांचा तो चेहरा बघण्यासारखा होता, म्हणून मीही पेला पुढे केला. पेले स्टीलचे, छोटे, काकूंच्या लग्नातले, ठोकून नाव घातलेले... 'सौ. नलिनी'. नाव घातलं की भांडं हरवत नाही म्हणतात. सांगलीहून अमेरिका, अमेरिकेहून आयर्लंड, त्या सहा पेल्यांतले तीन तरी हरवले नाहीत.

पहिली होती ब्ल्यू हेरन. काकांनी घोट तोंडात घोळवला आणि म्हणाले, "ही तेव्हाही वाईट होती, अजून वाईट आहे. प्रामाणिक बिअर." दुसरी ओल्ड प्रॉस्पेक्ट. तिच्यावर ते खूश झाले. तेव्हापेक्षा बरी झालीय म्हणाले, तेव्हा तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास यायचा. मग हॅनिगर. डब्यावर लिहिलेलं, 'तीच मूळ चव'. काकांनी एक घोट घेतला. दुसरा घेतला. पेला खाली ठेवला आणि डबा फिरवून त्यावरचं बारीक छापलेलं वाचलं. मग म्हणाले, "पाणी आहे गं हे." निखिल म्हणाला, "काका, आपण पंचविशीत जे पितो ते पुन्हा तसं लागत नाही. बिअर तीच असेल, तुम्ही बदललात." हे कोणीही म्हणालं असतं. पण काकांनी मान हलवली आणि म्हणाले, "शक्य आहे. आठवण म्हणजे काही सॅम्पल नव्हे. शेजारी शेजारी ठेवून चाखल्याशिवाय मी बोलणार नाही." आता चाळीस वर्षांपूर्वीची बिअर शेजारी आणून ठेवायची कुठून? तर काका म्हणाले, "करायची." त्यांच्याकडे जुनी वही होती. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, ते किती, मका किती, हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी ती फुलं, ती किती आणि कधी टाकायची, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात.

माल्ट येऊन पडला आणि त्याच महिन्यात काकांच्या घशातली गाठ सापडली. शरद ऋतूत ब्युमॉन्टला सात आठवडे रेडिएशन. गाठ आकसली, पण जीभ गेली. बोलायची नव्हे, चाखायची. वरण आणि पाणी त्यांना सारखंच लागायचं, आमटी म्हणजे गरम ओला कागद. कोणी तब्येत विचारली की इथल्या पद्धतीने "ग्रँड" म्हणायचे, म्हणजे सगळं उत्तम. मी एकदा फोनवर रडकुंडीला आले तर मलाच म्हणाले, "अगं, ब्रुअरला जीभ नको, थर्मामीटर हवा. मी करतो. चाखणार तू." मी म्हटलं, मला बिअर आवडत नाही. ते म्हणाले, "म्हणूनच. आवड विचारायची नाही. फरक विचारायचा." आणि डिसेंबरच्या थंडीत, सत्तरी ओलांडलेल्या, चौदा किलो वजन गमावलेल्या माणसाने एकट्याने गॅरेजमध्ये वीस लिटर बिअर उकळली. वासही धड येत नसताना. मी खिडकीतून पाहत होते. मध्येच स्टुलावर बसत होते, उठत होते, ढवळत होते. मी आत येऊ का विचारलं तर पळीनेच 'नको' म्हणून खूण केली.

जानेवारीत पुन्हा सगळं बंद झालं. एकट्या राहणाऱ्या माणसाला एका घराशी येजा करायची मुभा होती, तर काकांनी आमचं घर धरलं. एका रविवारी त्यांनी मला टेबलाशी बसवलं आणि समोर तीन पेले ठेवले. पद्धत साधी असते. दोन पेल्यांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला कोणता ते ओळखायचं. ओळखता आला तर फरक आहे, नाही आला तर नाही. समोर छापील फॉर्म. मी चाखलं. पहिला, दुसरा सारखे. तिसरा सरळसरळ वेगळा, जरा खारट, विचित्र. आणि मी मान वर करून काकांकडे पाहिलं. मानेवरची कातडी भाजून काळी पडलेली, कॉलर ढगळ झालेली, डोळे मात्र माझ्या तोंडावर. मला वाटलं, या माणसाला काय ऐकायचंय? हेच ना, की त्याची हॅनिगर अजून तीच आहे, दुकानात मिळते आहे, काही हरवलेलं नाही. मी फॉर्मवर लिहिलं, 'फरक नाही', आणि सही केली.

काकांनी फॉर्म वाचला. चष्मा काढला. म्हणाले, "तिसऱ्यात मी मीठ घातलं होतं."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हटलं, तुम्ही माझी परीक्षा घेतलीत? म्हणाले, "चाखणाऱ्याची आधी परीक्षा घेतातच. तू नापास होशील असं वाटलं नव्हतं." मी चिडले. माझा स्वभावच तसा, चूक माझी असली की मी आधी चिडते. मी म्हटलं, काका, एका बिअरसाठी एवढं काय? तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिलं, कोणाचा जीव तर नाही ना घेतला. ते शांतपणे म्हणाले, "मीही असंच म्हणालो होतो." आणि मग त्यांनी मला ते सांगितलं, जे मला वाटतं त्यांनी काकूंनाही पुरतं सांगितलं नसावं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हॅनिगरने खर्च कमी करायला बिअर हळूहळू बदलली. एकदम नाही. दरवेळी हॉप्स चिमूटभर कमी, मका मूठभर जास्त. दरवेळी तीन पेल्यांची टेस्ट, नवी विरुद्ध कालची. दरवेळी फरक नाही. आणि तो खरंच कळत नव्हता, पाच वेळा काकांनी खरीच सही केली. सहाव्या वेळी फरक कळला. स्वच्छ कळला. "माझी सही शेवटची असायची. ती झाली की टाक्या भरायच्या. नलिनीला सातवा महिना होता. ग्रीन कार्डाचे कागद कंपनीच्या हातात. साहेब म्हणाला, सुधाकर, बिअरच आहे, कोण मरतंय..." काकांनी चष्मा पुन्हा चढवला. "मी लिहिलं, फरक नाही. त्यानंतर आणखी कोणी काय काय काढून घेतलं देव जाणे. पण दार मी उघडलं. जे लोक शिफ्ट संपवून ती प्यायचे ना, त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं असेल की आपलीच जीभ म्हातारी झाली. निखिल मला म्हणाला तसं."

म्हणजे त्यांना बरं वाटायला नको होतं. त्यांना हवा होता कोणाचा तरी खरा शब्द. जुनी खरंच वेगळी होती की नाही, त्यांनी खरंच काही घालवलं की चाळीस वर्षं उगाच जिवाला लावून घेतलं, एवढंच. त्यांची स्वतःची जीभ आता साक्ष देऊ शकत नव्हती, आणि ज्या जिभेवर त्यांनी विश्वास टाकला ती मी अशी वापरली. मी म्हटलं, आत्ता करू या, खरी टेस्ट. ते म्हणाले, "आज नाही. आज तुझं तोंड खारट आहे." आणि हसले. माझा फॉर्म मात्र फाडला नाही. मी दोनदा मागितला. दिला नाही.

फेब्रुवारीत गाठ फुफ्फुसात दिसली आणि ते पुन्हा ब्युमॉन्टला गेले. भेटायला बंदी होती. मी रोज गाडी घेऊन जायची, धुतलेले कपडे आणि पातळ खिमट दारावर द्यायची, आणि गाडीत बसून त्यांना फोन करायची. ते म्हणायचे, "माझ्यासाठी थांबू नकोस. बाटल्या फ्रिजमध्ये आहेत, डबे प्रेसमध्ये, पाकिटं पेल्यांच्या मागे. जूनपर्यंत टिकेल, पुढे मी सांगत नाही." इथे कपाटाला प्रेस म्हणतात, काकाही तसंच म्हणायचे. मी म्हणायची, तुम्ही आल्यावर करू. दरवेळी तेच. मला वाटायचं, टेस्ट बाकी आहे तोवर माणूस जात नाही. काय खुळचट हिशेब असतात आपले. शेवटच्या फोनवर त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. म्हणाले, "मंजिरी, करशील ना?" मी हो म्हटलं. एवढंच बोलणं झालं, कारण नर्स आली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात समीरचा फोन आला की भाड्याचं घर महिनाअखेरीस सोडायचंय, आवरायला मदत करशील का. तो म्हणाला, "ताई, बिअर-बिअर असेल ती ओतून टाक सगळी." मी म्हटलं, टाकते, पण आधी एक काम आहे. आणि शनिवारी सकाळी, पोटात फक्त पाणी, ना चहा ना टूथपेस्ट, मी आणि निखिल काकांच्या घरी गेलो. प्रेसमध्ये पेल्यांच्या मागे दोन पाकिटं होती. एकावर 'निखिल', दुसऱ्यावर 'निकालानंतर'. निखिलच्या पाकिटात सूचना होत्या. कोणत्या फेरीत कोणत्या पेल्यात काय ओतायचं, दोन्ही बिअर किती थंड हव्यात, आणि शेवटी, 'मंजिरीला तुझा चेहरा दिसू देऊ नकोस, तो खोटं बोलू शकत नाही.' तीन फेऱ्या. नुसत्या नशिबानेही तिनांत एकदा बरोबर येतं, म्हणून तीनदा. निखिल स्वयंपाकघरात ओतायचा, पेले ट्रेमध्ये ठेवून दार ढकलायचा आणि मागे फिरायचा.

मी चाखलं. घाई केली नाही. मध्ये पाणी, मध्ये कोरडा पाव. मनात काकांना काय आवडेल हा विचार आला की पेला खाली ठेवायची, खिडकीतून गॅरेजकडे बघायची, आणि तो विचार जाईपर्यंत थांबायची. एका बिअरला भाकरीच्या पापुद्र्याचा वास होता, आणि गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा रेंगाळत राहायचा, लिंबाची बी चुकून चावली जाते तसा. दुसरी गोडसर, कणीस उकडलेल्या पाण्यासारखी. आली आणि गेली. तिन्ही फेऱ्यांत वेगळा पेला मी ओळखला. निखिलने कागद पाहून मान डोलावली. तिन्ही बरोबर. आणि आता खरं सांगायचं ठरलंच आहे तर सांगते, मला ती नवी, डब्यातलीच जास्त आवडली. काकांना कळलं असतं तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. पण आवड कोणी विचारली नव्हती.

मग दुसरं पाकीट उघडलं. आत दोन कागद. एक पिवळा पडलेला, कार्बनची प्रत, तळ्याकाठच्या त्या गावातली. सहाव्या टेस्टचा फॉर्म. चाळीस वर्षं आणि दोन देश त्यांनी तो सांभाळला होता. 'फरक नाही' या शब्दांवर एक आडवी रेघ, इतकी सरळ की खालचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. शेजारी त्यांच्या बारीक अक्षरात, 'फरक होता'. सही. यंदाच्या फेब्रुवारीतली तारीख, ब्युमॉन्टला जायच्या आदल्या दिवसाची. कारण या रकान्यात, 'मला कळला होता.' आणि खाली, तपासणाऱ्याची जागा रिकामी.

दुसरा कागद माझा होता. मिठाच्या दिवसाचा. त्यावर त्यांनी काहीही लिहिलं नव्हतं. माझी चूक माझ्यासाठी ठेवली होती.

मी आधी त्यांच्या कागदावर सही केली. मंजिरी, तपासले, तारीख. मग माझा पुढे ओढला. 'फरक नाही'वर एक रेघ मारली, थोडी वाकडी आली, पण खालचं वाचता येतं. शेजारी लिहिलं, 'फरक होता, मीठ.' सही केली, तारीख टाकली, आणि कारण या रकान्यात लिहिलं, 'समोरच्याला बरं वाटावं म्हणून.' मग निखिलला हाक मारली, कारण आपली चूक आपण तपासायची नसते. त्याने वाचलं, खाली सही केली आणि तारीख टाकली.

उरलेली बिअर मी समीरने सांगितल्याप्रमाणे ओतून टाकली. एक बाटली सोडून. पेले धुतले, पुसले आणि घरी आणले. ते आता आमच्या प्रेसमध्ये आहेत, खालच्या फळीवर, आणि त्यांच्यावर अजून काकूंचंच नाव आहे.